केकने झाकलेलं ताट

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की मराठी फोनवर एकच पदार्थ भाजायला लागतो. केक. कुकरमधला केक, कढईतला केक, रव्याचा केक, बिस्किटांचा केक, आणि सगळ्यांचा लाडका ‘एगलेस’ प्लम केक. वर्तमानपत्रांच्या वेबसाइट, रेसिपी चॅनेल, इन्स्टाग्रामवरची रील्स, सगळीकडे ‘ख्रिसमस स्पेशल’ची पट्टी लागते. मजकुराचा साचाही ठरलेला असतो. पहिलं वाक्य: नाताळ हा आनंदाचा सण. दुसरं: केकशिवाय नाताळ अपूर्णच. तिसरं: चला तर मग, पाहू या साहित्य आणि कृती.

या तीन वाक्यांची समीक्षा करण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण विचार करा. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांबद्दल एक सरासरी मराठी वाचक वर्षभरात काय वाचतो? कादंबरी नाही, आत्मचरित्र नाही, बातमीही क्वचितच. वाचतो ती ही डिसेंबरातली रेसिपी. एका अख्ख्या समाजाबद्दल बहुतेकांच्या वाट्याला येणारा हा एकमेव मराठी मजकूर असेल, तर तो नीट वाचायलाच हवा. त्यात काय लिहिलंय ते, आणि त्याहून जास्त, काय गाळलंय ते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: मराठीतलं नाताळचं खाद्यलेखन केकचा फोटो पुढे करतं आणि त्यामागे खरं ताट झाकतं. हे ताट इथलं आहे, या किनाऱ्यावरचं आहे, आणि त्यात आपल्या ओळखीचं इतकं काही आहे की ते दिसलं तर ‘त्यांचा सण’ आणि ‘आपला सण’ ही वाटणी एवढी सोपी राहणार नाही.

आधी रेसिपीची बाजू

रेसिपीला हसणं सोपं आहे, पण तसं करणं बरोबर नाही. मराठीत रेसिपी या प्रकाराने मोठं काम केलं आहे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे वाटी आणि चमचा. ‘अंदाजाने’, ‘चवीपुरतं’, ‘हाताला कळेल तसं’ असं सांगणाऱ्या स्वयंपाकाला त्यांनी मापात बसवलं. नव्या गावात, नव्या संसारात, शेजारी सासू-आई नसलेल्या मुलीला त्या मापांनी स्वतःच्या पायावर उभं केलं. हातात असलेली विद्या कागदावर आणणं ही लोकशाहीच असते.

कुकरमधल्या केकलाही तोच न्याय लावायला हवा. ओव्हन नाही, घरात अंडं चालत नाही, मुलांना तर केक हवाय. अशा घराने तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, शिटी आणि रिंग काढून, कुकरचाच ओव्हन केला. दही आणि खायचा सोडा एकत्र आले की वायू तयार होतो, मिश्रण फुगतं, अंड्याचं अर्धं काम भागतं. ही हुशारी आहे. तिच्यात दुसऱ्याच्या सणाबद्दल कुतूहल आहे, आपुलकीही आहे.

मग अडचण कुठे आहे? मी पोटासाठी कोड लिहितो, म्हणून माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. दहा ओळींचा प्रोग्राम चालतो तेव्हा तो दहा ओळींवर चालत नसतो. वर कुठेतरी दोन-तीन लायब्ररी मागवलेल्या असतात, त्या दुसऱ्याच कोणी लिहिलेल्या असतात, आणि खरं काम त्या करतात. रेसिपीचंही तसंच आहे. ‘साहित्य’ या शब्दाखाली जी यादी येते, तिच्या मागे कुणाचं तरी झाड, कुणाचा तरी हात, कुणाचा तरी इतिहास असतो. नाताळच्या रेसिपीत ही मागची माणसंच पुसली जातात. आणि ती योगायोगाने पुसली जात नाहीत, ठरावीक ठिकाणीच पुसली जातात.

पहिली गाळलेली गोष्ट: फराळाचं भावंड

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या दक्षिण टोकाला वसई, उत्तर टोकाला आमचे डहाणू-तलासरी. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते, त्यामुळे आशागडच्या माणसाला वसई म्हणजे त्याच रेल्वेमार्गावरचं गाव. आणि महाराष्ट्रातल्या नाताळच्या ताटाबद्दल बोलायचं तर सुरुवात वसईपासूनच करावी लागते.

१५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. दोनशे वर्षांच्या त्या काळात इथले शेतकरी, बागायतदार, कोळी ख्रिस्ती झाले. सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी अशा या समाजांची बोली, शेती आणि दागिने इथलेच राहिले. मुंबई-साष्टीतल्या त्यांच्याच भाईबंदांनी पुढे १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. कारण साधं होतं: नोकऱ्यांच्या शर्यतीत गोव्याहून आणि मंगळुराहून आलेल्या ख्रिश्चनांपासून आपलं वेगळेपण दाखवायचं होतं. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या भूमिपुत्रांचं नाव ‘पूर्व’ भारतीय! नावावरून माणूस परका वाटायला लागतो तो असा.

आता ताट पाहा. नेवऱ्या म्हणजे खोबऱ्याच्या सारणाच्या करंज्या. गोव्यात याच नेवऱ्या हिंदू घरांत चतुर्थीला होतात आणि ख्रिस्ती घरांत नाताळला. शब्दही तोच, पदार्थही तोच. कुलकुल म्हणजे मैद्याच्या पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, की शंख होतो. मग तळायचा आणि साखरेच्या पाकात घोळायचा. शंकरपाळ्याला कुणीतरी पीळ दिला असं म्हणा हवं तर. गोव्यात त्याला ‘किडयो’ म्हणतात, म्हणजे किडे. आकार पाहिला की नाव पटतं. दोदोल हा तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ तासन्‌तास ढवळून केलेला चकचकीत काळा पदार्थ. त्याचे चुलतभाऊ पार मलेशिया-इंडोनेशियात भेटतात. शिवाय रवा-नारळाचा थाळीत भाजलेला गोड पदार्थ.

ही यादी एखाद्या मराठी वाचकापुढे ‘नाताळ’ हा शब्द न उच्चारता ठेवली तर तो काय म्हणेल? दिवाळीचं म्हणेल. तळण, नारळ, तांदूळ, गूळ. घरातली सगळी माणसं एका परातीभोवती बसून करायचं काम. करून झालं की डब्यात भरून वर ठेवायचं आणि मुलांनी ते आधीच चोरून खायचं.

याउलट केक हा त्या ताटातला तुलनेने नवा पाहुणा. भारतातला पहिला ख्रिसमस केक १८८३ साली केरळातल्या तलश्शेरीला मंबळ्ळी बापू यांच्या बेकरीत झाला असं सांगितलं जातं, तेही एका इंग्रज मळेवाल्याच्या फर्माइशीवरून. वसईत नाताळ त्याच्या कितीतरी आधीपासून होत होता. पण आपल्या लेखनाने नवं तेच मूळ मानलं आणि जुनं ते गाळलं. जे आपल्यासारखं दिसतं ते वगळलं आणि जे वेगळं दिसतं तेच दाखवलं. यातून वाचकाला न बोलता एक गोष्ट सांगितली जाते: ही माणसं बाहेरची.

शब्दातही हेच झालं आहे. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. बटाटा, पाव, काजू, अननस याच वाटेने आले आणि मराठी झाले. बटाटेवड्याला कुणी परका म्हणत नाही. आमच्याकडच्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; त्याचं मूळ झाड मध्य अमेरिकेतलं, पण तो डहाणूचाच आहे यावर कुणी वाद घालत नाही. ‘नाताळ’ शब्दातही किनाऱ्यावरची चारशे वर्षं साठलेली आहेत. हल्लीच्या मथळ्यांत मात्र तो जाऊन ‘ख्रिसमस स्पेशल’ येतो, आणि सण किनाऱ्यावरून उचलून थेट मॉलमध्ये ठेवला जातो.

दुसरी गाळलेली गोष्ट: मटणाचं पातेलं

केकच का निवडला जातो, याचं एक उत्तर बाजार देईल: केक फोटोत छान दिसतो, त्याचे साचे, क्रीम, टुटीफ्रुटी विकता येते. पण दुसरंही एक उत्तर आहे. केक निरुपद्रवी आहे. अंडं काढलं की तो कोणत्याही घरात चालतो.

नाताळच्या दुपारचं खरं जेवण तसं नाही. वसई-मुंबईच्या अनेक घरांत त्या दिवशी इंद्याल असतं: डुकराचं मांस, काश्मिरी मिरची, लसूण, जिरं, हळद आणि व्हिनेगर. याचं नातं पोर्तुगीज ‘विन्या द आल्यूश’शी आहे, म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. त्याचंच गोव्यात विंदालू झालं. व्हिनेगरमुळे हे मटण टिकतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. म्हणून ते आधीच करून ठेवायचं, म्हणजे सणाच्या सकाळी चर्चला जाऊन आलेल्या बाईला चुलीपुढे उभं राहावं लागत नाही. सोरपोतेलमध्ये काळीज आणि इतर अवयवही येतात. प्राण्याचा कोणताही भाग वाया घालवायचा नाही हा त्यामागचा शेतकरी हिशेब.

याच्या जोडीला बाटली मसाला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, धणे, तीळ, खसखस, हळद आणि आणखी वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, कुटून ते गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचे. बाटली गडद, म्हणजे उजेडाने मसाल्याचा रंग आणि वास उडत नाही. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. म्हणजे डिसेंबरच्या जेवणाची तयारी मे महिन्यात सुरू झालेली असते. ‘पंधरा मिनिटांत झटपट ख्रिसमस’च्या चौकटीत हे कसं बसणार?

मराठी खाद्यलेखनाला या पातेल्याचं झाकण उघडायचं नसतं. डुकराचं नाव काढलं की काही वाचक नाक मुरडतील, काही कमेंटमध्ये भांडतील. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला, तेव्हापासून ताटात काय आहे हा प्रश्न आणखी नाजूक झाला आहे. अशा वातावरणात संपादक केककडे वळतो हे मी समजू शकतो. पण मग आपण काय करतोय ते स्पष्ट म्हणायला हवं. आपण शेजाऱ्याच्या सणाला शुभेच्छा देतो, मात्र अट घालतो की त्याने आपल्याला खटकेल असं काही खाताना दिसू नये. ‘सर्वांना आवडेल असा नाताळ’ म्हणजे ज्याचा सण आहे त्यालाच बाजूला बसवणं झालं.

मी ख्रिस्ती घरातला नाही आणि घरी डुकराचं मटण शिजत नाही. तरी वाचक म्हणून मला इंद्यालबद्दल वाचायचं आहे. खाणं आणि वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वाचून कुणाचं ताट विटाळत नाही.

तिसरी गाळलेली गोष्ट: झाडावरचा माणूस

आता माझ्या गावाकडे येतो, कारण नाताळच्या ताटातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत सफाईने पुसलेला जिन्नस आमच्या पट्ट्यात झाडावर लटकलेला असतो.

फुगे हा ईस्ट इंडियन नाताळचा मानाचा पदार्थ. मैदा, अंडी, नारळाचं दूध यांचं सैलसर पीठ आंबवायचं. मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबलं की गोळा बाहेर येतो; तो गरम तेलात सोडायचा. तो टम्म फुगतो, म्हणून फुगे. इंद्यालच्या रश्शात बुडवून खायचे. यूट्यूबवर फुग्यांचे व्हिडिओ आहेत, आणि केकच्या तुलनेत ते बरेच प्रामाणिक आहेत. पण बहुतेकांत एका ठिकाणी तोच वाक्प्रयोग येतो: ‘पूर्वी ताडी घालायचे, आता आपण इन्स्टंट यीस्ट घेऊ.’ आणि व्हिडिओ पुढे सरकतो.

त्या एका वाक्यात खूप काही घडून गेलेलं असतं. ताड, माड किंवा शिंदीच्या झाडाला वर खाच पाडून मडकं बांधतात. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ती नीरा. काही तासांत हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टने ती आंबते आणि ताडी होते. हेच यीस्ट पिठातली साखर खाऊन वायू सोडतं आणि फुगा फुगतो. ताडीत फक्त यीस्ट नसतं, आंबटपणा देणारे जिवाणूही असतात. म्हणून ताडीच्या फुग्याला जी हलकी आंबूस चव येते, ती पाकिटातल्या यीस्टला येत नाही. पाकिटात एकाच कामाला जुंपलेली एकच जात असते. ताडी आणखी आंबू दिली की तिचं व्हिनेगर होतं, गोव्यात तेच मटणात पडतं. म्हणजे एकाच झाडाचा रस ताटात दोनदा येतो: फुग्यात फुगवायला आणि रश्शात टिकवायला.

डहाणू-तलासरीत थंडी हा ताडीचा मोसम. चारोटीपासून तलासरीपर्यंत हायवेच्या कडेला ताडी विकणारे दिसतात, आणि त्याच दिवसांत कंद, पापडी घातलेली उकडहंडीची मडकी. झाडावर चढणारा माणूस बहुधा आदिवासी असतो, किनाऱ्याकडे गेलात तर भंडारी. ताडी काढणं हा भंडाऱ्यांचा पिढीजात व्यवसाय. म्हणजे ख्रिस्ती घरातला नाताळचा फुगा फुगायला हिंदू भंडाऱ्याने किंवा वारल्याने पहाटे झाडावर चढावं लागे, आणि कामाचा ताल झाडाच्या हिशेबाने असे: ताडी आली की पीठ भिजवायचं, उशीर झाला तर ती फार आंबट होणार. ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द आपण भाषणात वापरतो. इथे तो पिठात मिसळलेला होता आणि कुणी त्याला तसं नावही देत नव्हतं.

यीस्ट वापरू नका, असं मी म्हणत नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पहाटे ताजी ताडी कुठून आणणार? ज्या घरांत दारू वर्ज्य आहे तिथेही यीस्टच बरं. पर्याय देणं हे रेसिपीचं कामच आहे. पण पर्याय देताना काय बदललं ते सांगणं हे लेखनाचं काम आहे. कोडमध्ये एखादी लायब्ररी बदलली तर आपण निदान एक ओळ नोंद करून ठेवतो: काय काढलं, का काढलं, त्यामुळे काय वेगळं वागेल. फुग्याच्या रेसिपीला अशी एक ओळ मिळाली तर झाडावरचा माणूस वाचकाला दिसेल.

उलट्या बाजूची चूक

केकवाल्या लेखनावर उपाय म्हणून हल्ली दुसरा प्रकार वाढतोय: ‘अस्सल ईस्ट इंडियन नाताळ’, ‘खरा वसईचा स्वयंपाक’. हे लेखन कितीतरी चांगलं, कारण ते बहुधा त्या घरातलीच माणसं करतात. तरी त्यातही एक सापळा आहे. केकच्या जागी इंद्याल बसवलं आणि तोच ‘महाराष्ट्राचा नाताळ’ ठरवला, तर झाकणच बदललं, ताट पुन्हा झाकलेलंच.

आमचाच जिल्हा घ्या. वसईचा ख्रिस्ती समाज पोर्तुगीज काळातला, कॅथलिक. डहाणूला अमेरिकेतल्या ब्रेदरन पंथाचं मिशन आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ही प्रोटेस्टंट परंपरा दारूपासून लांब राहणारी, त्यामुळे ताडीचा फुगा हा तिचा वारसा असण्याचं कारण नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. तलासरीत जेझुइट मिशन आहे आणि तिथले ख्रिस्ती प्रामुख्याने आदिवासी. त्यांच्या डिसेंबरात नुकतं घरात आलेलं नवं भात आहे, वालाच्या शेंगा आहेत, कोंबडी आहे. पलीकडे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या घरांत करंज्या, शंकरपाळे, चिवडा असा सरळ सरळ फराळच नाताळला होतो. म्हणजे एकाच भाषेत किमान चार नाताळ आहेत. त्यांची चव इतिहासाने ठरवली आहे: कोण कधी ख्रिस्ती झालं, कोणत्या पंथाचं झालं, त्याआधी कोणत्या जातीत-जमातीत होतं आणि शेतात काय पिकत होतं.

जात हा शब्द इथे टाळता येत नाही. आणि म्हणूनच नाताळच्या खाण्यावर चांगलं लिहायचं असेल तर कित्ता घ्यायला रेसिपीच्या पुस्तकांपेक्षा दुसरी दोन पुस्तकं जास्त उपयोगी आहेत, असं मला वाटतं.

पहिलं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, १९३४ ते १९३७ दरम्यान चार भागांत आलेलं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं हिंदूच राहिल्या. त्या काळाबद्दल लिहिताना धर्मांतर हा तत्त्वज्ञानाचा विषय राहत नाही, तो स्वयंपाकघराचा होतो: पाणी कोणाच्या हातचं, भांडं कोणाचं, सोवळं कुठपर्यंत. विचार बदलतो तो पुस्तक वाचून नव्हे, हंड्याजवळ उभं राहून. आणि हे सगळं लक्ष्मीबाई स्वतःलाच हसत सांगतात. नाताळच्या पदार्थांची यादी तिथे शोधायला जाऊ नका. पण एका ताटात एकत्र जेवणं ही महाराष्ट्रात केवढी मोठी गोष्ट होती, हे त्यातून कळतं. ते कळल्यावर शेजारी पाठवलेल्या नेवऱ्यांच्या ताटलीकडे बघायची नजर बदलते.

दुसरं शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’, २०१५चं. २०२४ मध्ये ते भूषण कोरगांवकरांच्या अनुवादातून इंग्रजीतही गेलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाण्याबद्दलचं हे पुस्तक. त्यात कृती आहेत, पण कृतीच्या आधी प्रत्येक वेळी प्रश्न येतो: हे वाट्याला का आलं? तेल कमी का, अमुकच भाग का, सण कोणाचा आणि उरलेलं कोणाचं? शीर्षकातच ‘पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. पाटोळ्यांचा विषय नाताळ नाही. पण मटणाचं पातेलं न लाजता, न सजवता, माफी न मागता कसं उघडायचं, याचा मराठीतला सर्वांत चांगला धडा त्यांच्याकडे आहे. नाताळच्या लेखनाला तो अजून गिरवायचा आहे.

एवढं काय बिघडतं?

रेसिपीच तर आहे, एवढं काय, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं.

ऑफिसात २४ डिसेंबरला लाल टोप्या येतात, केक कापला जातो, सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या निघतात. टीममध्ये एखादा वसईचा, नगरचा, तलासरीचा ख्रिस्ती सहकारी असतोच. त्याला वर्षातून एकदा हमखास विचारलं जातं: ‘तुम्ही घरी मराठी बोलता?’ विचारणारा वाईट नसतो. त्याच्या डोक्यात चित्रच तसं बसलेलं असतं: ख्रिस्ती म्हणजे केक, केक म्हणजे बाहेरचं. नेवरी त्याने कधी वाचलेलीच नसते.

हेच चित्र मोठं झालं की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी आंदोलन केलं, ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काही संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये संमेलन झालं, ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसालाही आपलं मराठीपण सिद्ध करून दाखवावं लागतं, तर ऑफिसातल्या सव्वीस वर्षांच्या मुलीचं काय? केकची रेसिपी या विरोधाला कारणीभूत आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या अज्ञानातून हा विरोध उगवतो, त्याला खतपाणी घालण्याचं काम ती दर डिसेंबरात हसतमुखाने करते.

याच्या उलट काम करणारी एक साधी गोष्ट या किनाऱ्यावर आधीच आहे. नाताळला ताट पाठवायचं. गोव्यात त्याला ‘कोन्सोआदा’ म्हणतात. पोर्तुगालात हा शब्द नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणासाठी आहे. गोव्यात येऊन त्याचा अर्थ शेजाऱ्यांना पाठवायचा गोड पदार्थांचा वाटा असा झाला. शब्दाने घराचा उंबरठा ओलांडला. आमच्याकडे या प्रथेला वेगळं नाव नव्हतं, कारण दिवाळीलाही तेच होत असे. दिवाळीत आईचा चिवडा-चकलीचा डबा शेजारी जायचा आणि नाताळला शेजारच्या काकूंकडून कुलकुलची ताटली यायची, वर विणलेला रुमाल. ताटली रिकामी परत पाठवायची नाही हा नियम. घरात दुसरं काही नसेल तर आई चार चिकू घालायची. काकूंना चिकूंची काय नवलाई, त्यांच्याही दारात झाड होतं. पण नियम म्हणजे नियम.

या ताटलीला मजकूर मानलं, तर तो मला डिसेंबरातल्या साऱ्या रेसिपींपेक्षा सरस वाटतो. त्यात कृती नाही, साहित्य नाही. पण पाठवणारं घर आहे, घेणारं घर आहे, आणि परत जाणारी वाट आहे. रेसिपी वाचून आपण दुसऱ्याचा पदार्थ त्याच्याशिवायच करू शकतो. ताटलीत तसं चालत नाही.

म्हणून यंदाच्या ‘नाताळ विशेष’कडून माझ्या मागण्या अगदी किरकोळ आहेत. केक असू दे, कुकरमधलाच असू दे. पण त्याच्या शेजारी नेवरी येऊ दे, आणि ती करंजीची कोण लागते ते लिहा. इंद्यालचं नाव घ्या. फुग्यात यीस्ट घालताना आधी काय घालत होते आणि ते कोण आणून देत होतं, यासाठी एक ओळ खर्च करा. कृती लिहिणारीचं गाव लिहा: वसई, नगर, डहाणू की तलासरी. आणि लेख मागवताना तो अशा घरातून मागवा जिथे २५ डिसेंबरला खरंच पाहुणे येणार आहेत. त्या घरात या विषयावर सांगण्यासारखं भरपूर असतं. विचारायला फोन केला तर बहुधा पलीकडून आधी हेच विचारलं जाईल की जेवायला कधी येताय.